रडायची भाषा

बोटांच्या चिमटीत गव्हाचा दाणा फुटला, पण आत पांढरा ठिपका राहिलाच होता... अजून एक कढ हवा. मक्रिनाने पातेल्यावर झाकण सारलं. योर्दानिसला जाऊन आज चाळीस दिवस झाले. उकडलेल्या गव्हात साखर, मनुका, डाळिंबाचे दाणे घालून दुपारी कबरीवर न्यायचं, पाद्री प्रार्थना म्हणणार, मग विधवेने रडायचं. नवऱ्याला काय काय सांगायचं ते तिने चाळीस दिवस ओळीओळीने मनात जुळवून ठेवलं होतं — आणि ते सगळं तुर्कीत होतं, कारण दुसरी भाषा तिला नव्हतीच.

"आई, तिथे गळा काढू नकोस," मुलगा प्रोद्रोमोस सकाळीच म्हणाला होता. "मुकाट्याने रड. मातीच्या वेळी तू 'अल्ला, अल्ला' केलंस, अजून कारखान्यात मला तुर्काचं बी म्हणतात."

"मग देवाला काय म्हणू?"

"इथले म्हणतात ते म्हण."

इथले! तुर्कस्तानात, निगदेजवळच्या त्यांच्या गावात, आजी ख्रिस्ताला अल्लाच म्हणायची, आईही... ख्रिस्ताने कधी तक्रार केली नव्हती. मग सहा वर्षांपूर्वी टेबल मांडून कारकून बसला: ख्रिस्ती तेवढे ग्रीसला, तिथले मुसलमान तुर्कस्तानात, ज्याचा धर्म त्याचा देश. धर्म विचारला, भाषा कोणी विचारलीच नाही. शेजारच्या मुसलमान हातिजेने गाडीमागे घागरभर पाणी ओतलं — पाण्यासारखी जा, पाण्यासारखी परत ये — आणि मग धाय मोकलून रडली. तिच्या रडण्यातला शब्दन् शब्द मक्रिनाला कळला होता.

योर्दानिस मात्र पिरेअस बंदराच्या या वस्तीत आल्यावरही थट्टाच करायचा. "तिकडे आपण काफर, इकडे तुर्क. अगं, मग आपण आपल्या देशात होतो तरी कधी? बोटीवर?" आणि हसता हसता खोकत सुटायचा. त्या खोकल्यानेच नेलं त्याला.

सून गारिफालिया इथलीच, पण मनाने वाईट नाही; सासूपुरतं मोडकंतोडकं तुर्कीही शिकली होती. गहू निथळताना तिने सासूकडून तीन ग्रीक शब्द घोकवून घेतले: एओनिया इ म्नीमी — त्याची आठवण अमर राहो.

"म्नी, आई. म्नी."

"म... नी."

"मांजर बोलावताय का?"

दोघी हसल्या, आणि आजच्या दिवशी हसल्याची मक्रिनाला लाज वाटली.

दुपारी कबरीपाशी प्रार्थना संपवून पाद्री थांबला. शेजारणी तिच्याकडे बघत होत्या, प्रोद्रोमोस स्वतःच्या बुटांकडे. जुळवलेली पहिली ओळ छातीतून वर आली — कुठे टाकून गेलास रे मला — अगदी ओठांपर्यंत आली, आणि तिने ती गिळली. मग ते तीन शब्द म्हणाली. कुठेही न अडखळता.

एका शेजारणीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. प्रोद्रोमोसने, इथे आल्यापासून पहिल्यांदाच, चारचौघांत तिचा हात हातात घेतला. तिला बरं वाटलं... खरंच बरं वाटलं, आणि त्याचंच तिला वाईट वाटलं. कारण खाली योर्दानिस होता, आणि त्याला पाव आणि पाणी यापलीकडे इथला शब्द येत नव्हता. बायको काय म्हणते म्हणून तो चाळीस दिवस वाट बघत पडला असेल — आणि वरून कोणी परकी बाई काहीतरी बोलून गेली. अरे, मी आहे, मीच... तिला खाली वाकून सांगायचं होतं, त्याला कळेल असं. पण मुलाचा हात हातात होता, आणि तो तिला सोडवेना.