तुटक रेघेची घालमेल

मित्रांनो, मी एक जुनी तुटक रेघ आहे. आलेख काढणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये माझा मुक्काम असतो. तिथे रेघेचा प्रकार निवडायची यादी उघडली की सर्वांत वर सलग रेघ दिसते, तिच्याखाली ठिपक्यांची आणि तिच्याखाली मी. थोडं चालायचं, पाऊल उचलायचं, पुन्हा थोडं चालायचं, हा माझा जन्मजात स्वभाव. माझं चित्त कधी ठरत नाही. सलग रेघ त्यावरून मला नावं ठेवते. तिचं काय, एकदा निघाली की मान खाली घालून टोकाला जाते, वाटेत काय आहे ते बघतही नाही.

सुरुवातीला मला कोणी विचारत नसे. लोक रंग बदलत, जाडी वाढवत, रेघेवर कोणी चौकोन बसवी, कोणी त्रिकोण. अधूनमधून मला निवडत आणि 'शी, हे नको' म्हणून परत यादीत ढकलत. निवडलं जाणं आणि नाकारलं जाणं यांत जीव नुसता टांगणीला लागायचा.

मग आमचं सॉफ्टवेअर एका कचेरीत आलं. नदीवरच्या जुन्या पुलाची देखरेख ही कचेरी करायची. पुलाच्या खांबांना कल मोजणारी यंत्रं लावली होती आणि त्यांच्या आकड्यांचे आलेख एक बाई काढत. प्रिंटर फक्त काळं छापणारा, त्यामुळे रंगांची मिजास तिथे चालत नसे. बाईंचा नियम साधा होता. जिथे मोजलं तिथे सलग रेघ आणि तिच्यावर भरीव गोळे. जिथे यंत्र बंद पडलं आणि अंदाज धरावा लागला तिथे मी, माझ्यावर पोकळ गोळे. कागद दाखवताना त्या म्हणायच्या, "ही तुटक रेघ आहे ना, हिच्या भरवशावर राहू नका. हे मी धरलेलं आहे." माझ्याबद्दल इतकं खरं कोणी बोललं नव्हतं. मी खूश झाले.

एकदा नदीला मोठा पूर आला. मधल्या खांबाचं यंत्र पाण्यात बुडून बंद पडलं आणि पूल रहदारीला बंद झाला. पाणी उतरू लागल्यावर बाईंनी शेजारच्या खांबांवरून मधल्याचा अंदाज बांधला आणि मला निवडलं. अंदाज बरा दिसत होता. तरी मला चैन पडेना, कारण माझ्याखाली काहीच मोजलेलं नव्हतं.

पूल कधी उघडणार म्हणून सगळे कचेरीच्या साहेबांच्या मागे लागले होते. पूल उघडायचा की नाही हे ठरवणाऱ्या बैठकीच्या आदल्या दिवशी ते बाईंच्या टेबलापाशी आले.

"बाई, मध्येच ही फाटकी रेघ कशाला? बघणाऱ्याला वाटेल आपलंच काहीतरी बिघडलंय. सगळी एकसारखी करा. आणि ते गोळे काढा."

"साहेब, तिथे यंत्र बंद होतं."

"आकडे तेच राहणार आहेत ना? नुसती रेघ तर बदलायची."

बाईंनी यादी उघडली, सलग रेघ निवडली, गोळे काढून टाकले. एकही आकडा बदलला नाही, मित्रांनो, आणि तरी आलेख खोटं बोलायला लागला. मी यादीत बसून तडफडत होते.

संध्याकाळी बाईंची धाकटी बहीण घराची किल्ली न्यायला आली. ती बस चालवायची. पूल बंद असल्यामुळे रोज लांबचा वळसा घालून ती वैतागली होती.

"ताई, परवापासून पूल उघडतोय म्हणे. पहिली गाडी माझीच आहे. सुटले बाई एकदाची."

"सकाळच्या गाडीला गर्दी असते का ग?"

"उभं राहायला जागा नसते. का?"

"काही नाही. तू हो पुढे, माझं थोडं राहिलंय."

ती गेल्यावर बाईंनी पुन्हा यादी उघडली आणि मला निवडलं. पोकळ गोळेही परत आले.

बैठकीत कोणीतरी माझ्यावर बोट ठेवलं. बाईंनी सांगितलं, हे मोजलेलं नाही. नवं यंत्र बसेपर्यंत पूल उघडायचा नाही असं ठरलं. साहेबांचा पारा चढला, आणि धाकटीने बहिणीशी बोलणं सोडलं. मला दोन्हीकडून भीती. माझा अंदाज चुकला तर खांब कललेला, आणि बरोबर निघाला तर बाईंचं हसं.

तो बरोबर निघाला. यंत्र बसलं आणि मी थांबले होते त्याच उंचीवरून सलग रेघ पुढे निघाली. पूल धड होता.

"म्हणजे आधीच उघडला असता तरी चाललं असतं," साहेब म्हणाले.

"चाललं असतं. पण तेव्हा आपल्याला ते ठाऊक नव्हतं."

धाकटी तणतणत कचेरीत आली. "उगाच मला एवढे दिवस फिरवलंस."

"हो, फिरवलं," बाई म्हणाल्या. "उद्या पहिल्या गाडीला मीही येते. पुढची जागा धरून ठेव."

धाकटी जायला वळली आणि म्हणाली, "वेळेवर ये. मी थांबणार नाही."

आता सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आहे. त्यात सगळं आपोआप सलग निघतं, आणि मी यादीच्या अगदी तळाशी आहे. तिथेही माझा पाय स्थिर नाही. म्हणून विनवते, मित्रांनो, तुम्ही आलेख काढाल तेव्हा जे मोजलेलं नाही तिथे फटी ठेवा. त्या जरा वाईट दिसतात. पण फट दिसली की माणूस पाऊल टाकण्याआधी थांबतो.