बेलतलीचं लाल निशाण

कोहिनूर मामीनं भाचीशी बोलणं टाकलं होतं, आणि आता तिच्यावर त्याच भाचीच्या घरी राहायची वेळ आली होती.

याला कारण मामांचा डोळा. तोफाज्जल मामांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. शस्त्रक्रिया ढाक्यात करायची ठरली, आणि ढाक्यात हक्कानं उतरावं असं घर एकच, रेहनुमाचं. रेहनुमा ही मामांच्या बहिणीची लेक. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून मामा-मामींनी तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. शिकून ती नद्यांची शास्त्रज्ञ झाली. येत्या पावसाळ्यात जमुना नदी कुठला काठ खाणार, हे उपग्रहाच्या छायाचित्रांवरून आधीच ओळखायचं आणि तिथल्या लोकांना सावध करायचं, हे तिच्या संस्थेचं काम.

मामीनं आल्या दिवसापासून स्वयंपाकघराचा ताबा घेतला होता. भाचीला काही सांगायचं झालं तर ती मामांमार्फत सांगे.

"भाचीला सांगा, इतकी महाग मासळी पुन्हा आणू नको म्हणावं. काट्यांशिवाय काही नाही तिच्यात."

रेहनुमा हाताच्या अंतरावर भात वाढून घेत असे. मामा डोळ्यावरची पट्टी सावरत म्हणत, "रेहनू, मासळी आणू नकोस."

"ऐकलं, मामा."

"ऐकलं म्हणतेय गं."

"मी काही बहिरी नाही," मामी म्हणे.

मामांना या टपालकीत मजाच वाटत होती. रेहनुमाला मात्र हसू येत नसे. मामीचा राग खोटा नव्हता, हे तिला ठाऊक होतं.

झालं होतं असं. गेल्या वर्षीच्या नकाशात मामांच्या बेलतली गावाचा काठ लाल रंगात आला. संस्थेच्या माणसांनी काठाकाठानं बांबू रोवून त्यांवर लाल निशाणं लावली. रेहनुमानं स्वतः फोन करून सांगितलं, "मामी, यंदा तिथं राहू नका." मामीनं एका शब्दानंही वाद घातला नाही. पत्र्याचं घर उतरवलं, होडीत घातलं आणि आत, दिराच्या जागेत नेऊन उभं केलं. जाण्याआधी तिनं परसातली फणसाची झाडं तोडून घेतली. नदी गिळणारच आहे, तर निदान लाकूड तरी हाती लागेल, असा तिचा हिशेब. नवी नवरी होऊन आली त्या वर्षी तिनं ती लावली होती.

पावसाळा आला नि गेला. वरच्या अंगाला पाण्यातून वाळूचं एक बेट वर आलं, त्यानं धार पलीकडच्या काठावर ढकलली. बेलतलीचं ढेकूळसुद्धा हललं नाही. जी माणसं जागची हलली नव्हती ती आता वाटेत गाठून विचारू लागली, "काय कोहिनूरबी, नदीनं तुमच्या भाचीला न विचारताच वाट बदलली म्हणायची!" मामा हसून सोडून देत. मामीनं घर परत आणून जुन्या जागी उभं केलं. परसात उघडंबोडकं ऊन पडलं होतं. त्या दिवसापासून तिनं रेहनुमाचा फोन घेतला नाही.

मामांची शस्त्रक्रिया झाली त्याच आठवड्यात ढाक्यात पूर, वादळं आणि बदलतं हवामान यांवर मोठी परिषद भरली होती. नेपाळ, भूतान, भारत, हॉलंड, कुठकुठून शास्त्रज्ञ आले होते. रेहनुमाला गेल्या वर्षीचे अंदाज किती खरे ठरले ते मांडायचं होतं. संस्थेचे प्रमुख इमदादुल सरांनी तिची चित्रं आधी मागवून घेतली.

"बेलतली कशाला हवंय यात?" ते म्हणाले. "एवढ्या जागा बरोबर आल्यात. एक गाव राहिलं तर कुणाच्या लक्षातही येणार नाही."

"गावाच्या लक्षात आहे, सर."

"गाव नाही येत परिषदेला. ज्यांच्या मदतीवर आपलं काम चालतं ते पुढच्या रांगेत बसणार आहेत, एवढं ध्यानात ठेव."

"चुकलेलं लपवलं तर बरोबर आलेल्यावर तरी ते विश्वास का ठेवतील?"

सरांनी कागदांची चळत सारखी केली. "बघ बाई. बोलणारी तू आहेस," एवढं म्हणून त्यांनी कागद परत केले. बेलतली तिची कोण लागते, हे त्यांना माहीत नव्हतं, आणि तिनंही सांगितलं नाही.

इकडे मामांनी भाचीला व्यासपीठावर बघायचा हट्ट धरला होता. डॉक्टरांनी घराबाहेर पडायला साफ मनाई केली. मग मामा बायकोकडे वळले.

"तू जा. सगळं पाहून ये आणि मला सांग."

"मला काय कळतंय तिथलं? इंग्रजी फाडणार सगळे."

"कानाला लावायला यंत्र देतात. त्यातून आपल्या बोलीत ऐकू येतं."

मामीनं पदर सारखा केला. "भाचीला सांगा, मी गाडीत पुढं बसणार. मागं बसलं की मला मळमळतं."

सभागृहात मामी मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसली. कानाला यंत्र लावलं, पर्स मांडीवर घट्ट धरली. भूतानचे एक गृहस्थ हिमसरोवरांबद्दल बोलले. त्यांचं बोलणं आत काचेच्या खोलीतली एक मुलगी भराभरा बांग्लात सांगत होती. मामीला त्यातलं निम्मं कळलं. एवढं सगळं पाण्याबद्दल बोलतात आणि प्यायला देतात बोटभर बाटली, हे मात्र तिच्या नजरेतून सुटलं नाही.

मग रेहनुमा उभी राहिली. तिनं आधी जुळलेल्या जागा दाखवल्या. शेवटी पडद्यावर बेलतली आलं, आणि नदीच्या वळणाशी लाल पट्टा.

"इथं आम्ही चुकलो," ती म्हणाली. "नदी आली नाही. लोक मात्र उठून गेले होते."

पुढच्या रांगेतून हॉलंडच्या एका उंच, पांढऱ्या केसांच्या शास्त्रज्ञ बाईंनी विचारलं, "म्हणजे खोट्या इशाऱ्यानं त्या लोकांचं काय नुकसान झालं?"

"घरं उतरवून न्यावी लागली. बहुतेकांनी ती पुन्हा उभी केली."

"मग तसं फार नुकसान नाही म्हणायचं," बाई लिहून घेत म्हणाल्या.

रेहनुमा काही बोलणार एवढ्यात मागून आवाज आला.

"झाडं कोण उभी करणार?"

माना मागे वळल्या. मामी उभी राहिली होती. कानातलं यंत्र काढून तिनं हातात धरलं होतं. कुणीतरी ध्वनिक्षेपक नेऊन दिला. तिनं तो हनुवटीशी धरला आणि सरळ व्यासपीठाकडे बघत बोलू लागली.

"घराचं काही नाही. पत्रे उतरवायचे, होडीत घालायचे, पुन्हा ठोकायचे. नदीकाठी जन्म काढलाय आम्ही, हात सरावलेत. पण फणस तोडला की तोडला. मी तुमच्या माणसाला विचारलं होतं, नक्की येणार का रे बाबा नदी? तो म्हणाला, लाल म्हणजे नक्की. आता तू सांग रेहनू, नक्की होतं का?"

कितीतरी महिन्यांनी तिच्या तोंडून आपलं नाव रेहनुमानं ऐकलं.

"नव्हतं, मामी," रेहनुमा म्हणाली. "दहात सहा वेळा येईल, एवढंच होतं."

"मग तसं का नाही सांगितलं? मला कळलं नसतं?"

"त्याच्या आदल्या वर्षी दुसऱ्या एका गावात सांगितलं होतं. दहात चार वेळा तर नाहीच येणार ना, म्हणून लोक बसून राहिले. गुरं वाहून गेली. म्हणून मीच ठरवलं, गावात एकच लाल निशाण लावायचं, आकडे बोलायचे नाहीत."

मामीनं ते ऐकून घेतलं.

"हं," ती शेवटी म्हणाली. "तुझीही अडचण होती तर. पण दहात सहा म्हणाली असतीस, तर मी घर हलवलं असतं आणि झाडं राहू दिली असती. नदीला हवी असती तर तिनं नेली असती. सगळ्या गोष्टी एकाच निशाणानं कशा सांगणार तू? घर वेगळं, गुरं वेगळी, झाड वेगळं."

एवढं बोलून ती खाली बसली आणि यंत्र पुन्हा कानाला लावू लागली. ते उलटं बसत होतं. शेजारच्या नेपाळी तरुणीनं ते नीट करून दिलं.

त्यानंतर ठरलेला क्रम मोडलाच. चहाची वेळ उलटून गेली तरी वाद चालला होता. कुणी म्हणे आकड्यांनी लोक गोंधळतात, कुणी म्हणे गोंधळ आपल्याच डोक्यात आहे. इमदादुल सर कपाळाला हात लावून बसले होते, पण हॉलंडच्या बाईंनी त्यांना विचारलं, "या बाई तुम्ही मुद्दाम बोलावल्यात का?" तेव्हा त्यांनी मान अशी हलवली की हो म्हणताहेत की नाही, ते कळू नये.

जेवायला त्या बाई मामीच्याच शेजारी येऊन बसल्या. दुभाषी मुलगी मध्ये. मामीनं त्यांना भाजीत मोहरी कमी असल्याचं सांगितलं आणि तुमच्याकडे नदी घर नेते तेव्हा काय करता, असं विचारलं.

"आम्ही भिंती बांधतो," बाई म्हणाल्या.

"आणि भिंत पडली तर?"

बाई हसल्या. "मग आम्हीही घाबरतो."

परतताना गाडी वाहतुकीत अडकली. मामी पुढे बसली होती.

"व्यासपीठावर तुझी साडी चुरगळलेली दिसत होती," ती म्हणाली. "इस्त्री करून घेत जा."

"हो, मामी."

"आणि ते चुकलो म्हणालीस, ते सगळ्यांसमोर म्हणायची काय गरज होती?"

"खरं होतं म्हणून."

रेहनुमानं मागून हळूच तिच्या खांद्यावर हात ठेवला. मामीनं तो झटकला नाही, सिग्नल सुटेपर्यंत तसाच राहू दिला.

घरी मामा दारातच वाट बघत होते. मामीनं सगळी हकीकत सांगितली, आणि तीत स्वतःला जरा जास्त वेळ बोलायला लावलं.

संस्थेत मामीच्या त्या वेगवेगळ्या निशाणांच्या सूचनेवर पुष्कळ काथ्याकूट झाला. सरांना वाटत होतं, लोकांना दोन रंग दिले की ते सोयीचा तेवढाच बघतील. शेवटी एका हंगामापुरतं करून पाहायचं ठरलं. गुरं-माणसं हलवायचा इशारा एका निशाणानं द्यायचा, आणि नदी येईलच याची खात्री किती, ते दुसऱ्यावर ठळक लिहायचं. अक्षरओळख नसलेल्यांना तोंडी सांगायचं.

चैत्रात रेहनुमा निशाणं घेऊन होडीनं बेलतलीला गेली. बेलतलीच्या काठावर यंदा दहात पाच होतं. मामीनं अंगणात आजूबाजूच्या बायका जमवून ठेवल्या होत्या, मामा नव्या डोळ्यानं सगळ्यांना न्याहाळत पायरीवर बसले होते. रेहनुमानं समजावून सांगितलं. एकीनं विचारलं, दहात पाच म्हणजे काय ते नीट सांग बाई.

दुसरी म्हणाली, "अगं, तुझा नवरा बाजारातून सांगितलेलं आणतो, तसं."

"मग दहात दोन म्हण," पहिली म्हणाली, आणि अंगण हसलं.

"हसताय काय," मामीनं दटावलं. "ऐका ती सांगते ते. आणि रेहनू, तूसुद्धा जरा सावकाश बोल. इथं काही ती काचेतली मुलगी नाही बसलेली."

रेहनुमा पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली, या वेळी सावकाश. ऊन उतरायच्या आत तिला पुढच्या गावी पोचायचं होतं, पण मामीनं भात टाकला होता, त्यामुळे होडीवाल्याला थांबायचा निरोप गेला.