लाभक्षेत्र: चार वाफे टोमॅटो

कालव्याचं दार आधी आलं आणि कालवा यायचा राहूनच गेला. दाराचा निधी एका खात्याचा, खोदाईचा दुसऱ्याचा. दुसरा कुठल्या टेबलावर अडकला, देव जाणे. माळावर दोन खांबांमध्ये लोखंडी दार उभं राहिलं आणि त्यावर एक दारवान नेमला गेला. सकाळी आठला चाक फिरवून दार उचलायचं, पाचला खाली सोडायचं, वहीत 'प्रवाह निरंक' लिहायचं. अकरा वर्षं त्यानं हे इमानेइतबारे केलं. दर शनिवारी ग्रीससुद्धा लावलं.

वर्षअखेरीला चार दिवस उरले असताना साहेब धापा टाकत आले.

"गळती कुठाय?"

"पाणीच नाही साहेब, तर गळती..."

"अहो, गळती दुरुस्तीचा निधी मंजूर झालाय! दाखवली नाही तर परत जाईल. पुढच्या वर्षी फुटकी कवडी मिळायची नाही."

आपल्या दाराला साधं गळताही येत नाही, याची दारवानाला उगीचच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. दार खाली सोडून त्यामागे मातीचा बांध घातला, पाणी ओतलं. दारानं थेंब सोडला नाही. साहेब घामाघूम. शेवटी दारवानानं डोळे घट्ट मिटले आणि पहारीनं खालचं रबर फाडलं. पाणी भळाभळा सुटलं, साहेबांनी टाळ्या पिटल्या, फोटो निघाले. पाणी मात्र उतारानं थेट दारवानाच्या खोलीमागे गेलं. तिथे त्याच्या बायकोनं टोमॅटोचे चार वाफे लावले होते.

तेवढ्यात तपासणीवाल्या मॅडम पोचल्या. त्यांनी दार पाहिलं, वाफे पाहिले.

"याला गळती म्हणता? पाणी पिकापर्यंत पोचतंय. हे सिंचन आहे!"

साहेबांचा चेहरा पडला. मॅडमनी मात्र त्यांचा हात हातात घेतला. "सव्वीस वर्षं खात्यात आहे. असं पहिल्यांदाच बघतेय."

योजना यशस्वी जाहीर झाली. रोजचा टँकर मंजूर झाला. नियमाप्रमाणे पाणीवापर संस्था स्थापन झाली आणि एकमेव लाभार्थी म्हणून दारवानाची बायको अध्यक्ष झाली. तिनं नियमावली पहिल्या पानापासून वाचून काढली.

आठच दिवसांत दारवानाला टपालानं नोटीस आली: दार आठ मिनिटं उशिरा उघडलं, खुलासा द्यावा. खाली बायकोची सही.

"अगं, तूच चहाला थांबवलंस ना!"

"ते खुलाशात लिहा," ती भांडी विसळता विसळता म्हणाली. "दोन प्रतींत."

तो चडफडत लिहायला बसला. लिहिता लिहिता त्याच्या मनात आलं, या दाराची वाट बघणारं अखेर कुणीतरी भेटलं. आणि त्याला एकदम हसू फुटलं.

खुलासा नामंजूर झाला. दुसऱ्या दिवशी तो पावणेआठलाच, चहा न घेता, चाकाशी जाऊन उभा राहिला.