बटणपट्टीशी न जुळणाऱ्या चौकटी

टेलर मास्तरिणीने चौकटीच्या कापडाचा तागा कापड दुकानदाराच्या पुढ्यात आपटला. "बघा! प्रत्येक रेघ मधेच फुगलीय. कापड विणलंय की थट्टा केलीय?"

दुकानदाराने पट्टी लावून दाखवली. रेघ सरळच होती. "वहिनी, डोळे तपासून घ्या."

"तुमचेच फुटलेत!" म्हणत ती तरातरा घरी आली, दार लावलं आणि नवऱ्याच्या शिलाई मशीनकडे पाठ करून बसली. कापड कोण ओढतंय ते तिला पक्कं माहीत होतं.

वीस वर्षं ती कापायची, तो शिवायचा. गेला त्या सकाळी तिने त्याचा उद्धार केला होता. "एका शर्टाला दोन दोन दिवस? हात आहेत की लाकडं?" तो शिवत राहिला. दुपारी मशीनवरच मान टाकली.

त्यानंतर तिने एकटीने शिवलेल्या पहिल्याच शर्टाच्या चौकटी बटणपट्टीशी जुळेनात. गिऱ्हाइकं तणतणत परत यायला लागली. रेघेवर नजर धरली की ती खालून कुणी बोट घातल्यासारखी उचलली जायची आणि वर राखाडी सावली बसायची. कात्री धरून ती पुटपुटायची, "चुकलं रे माझं. सोड आता."

धाकट्या जावेने हे ऐकलं. "जाऊबाई, भाऊजींना वर काही कामधंदा नाही का, चौकटी ओढत बसायला? उठा, दवाखान्यात चला."

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात थेंब टाकून बराच वेळ बघितलं. "डोळ्याच्या पडद्याखाली रक्तवाहिन्यांची गाठ आहे. कॅन्सर नाही. पण तिच्यातून पाणी झिरपतं, म्हणून रेघा वाकतात. दुसरा डोळा लहानपणापासून आळशी, त्यामुळे सगळा भार ह्याच्यावर."

"गाठ लेसरने जाळणार का?"

"पूर्वी जाळायचे, मग मधेच काळा डाग राहायचा. आता हाताच्या शिरेतून औषध सोडतो आणि फक्त गाठीवर प्रकाश टाकतो. पाणी आटतं. कधीपासून आहे हे?"

"चार महिने. हे गेल्यापासून."

"छे हो. खुणा जुन्या आहेत. तीन-चार वर्षं तरी नक्की."

"मग इतकी वर्षं मी सरळ कशी कापत होते?"

डॉक्टरीणबाईंनी औषधाची तारीख लिहून दिली.

औषध झालं. पाच दिवस ऊन टाळून ती पडदे ओढून बसली. दोन महिन्यांत रेघा जवळजवळ सरळ झाल्या, सावली विरली. खोलीत कुणीच उरलं नाही.

मग एक गिऱ्हाईक नवऱ्याच्या हातचा जुना शर्ट घेऊन आलं. "घट्ट होतोय, उसवून सैल करा." तिने शिवण उलटी करून उजेडात धरली. कापताना तिची कात्री रेघ सोडून आत गेली होती. तिथे बोटाएवढी चिंधी जोडलेली, इतकी बारीक, की चौकटीची रेघ रेघेला लागून पुढे गेली होती. वरून कुणाच्या बापाला कळलं नसतं. दोन दिवस तो हेच करत होता, आणि तिला एका शब्दाने बोलला नव्हता.

"हा नाही उसवत," ती म्हणाली. "नवा शिवून देते, फुकट."

आता येईल त्या गिऱ्हाइकाला ती विचारते, "आमच्याकडे शिवलेले जुने शर्ट आहेत का? आणा की." पाच वर्षांपूर्वीचे आले, सात वर्षांपूर्वीचे आले, परवा नऊ वर्षांपूर्वीचा आला. प्रत्येकाच्या आत जोड आहे. एक तरी शर्ट तिने स्वतः नीट कापलेला निघावा म्हणून ती शोधते आहे. अजून निघालेला नाही.