वेगानंद महाराजांचा सिद्ध फिल्टर

उदगीरच्या बाहेरून जाणारा सिमेंटचा नवा वळणरस्ता बांधून तयार होता, पण उद्घाटनाला कुणा मोठ्या माणसाची तारीख मिळत नव्हती. त्यामुळे त्यावर सकाळी लोक पाय मोकळे करायचे, दुपारी सोयाबीन वाळायचं आणि रविवारी वेगानंद महाराजांचा दरबार भरायचा. त्या रविवारी तर मुंगीला शिरायला जागा नव्हती. लातूर, देगलूर, कंधार, कुठून कुठून गाड्या आलेल्या. सगळ्या बॉनेट उघडून रांगेत उभ्या होत्या, दवाखान्यात आ करून बसलेल्या पेशंटांसारख्या, आणि त्यांचे मालक हातात नारळ घेऊन आपला नंबर कधी लागतो याची वाट पाहत होते.

महाराजांची मूर्ती पाहण्यासारखी होती. भगवी कफनी, तिच्यावर शर्यतवाले घालतात तसलं जाकीट, पायांत पांढरे बूट आणि गळ्यात रुद्राक्षांच्या माळेत ओवलेला एक स्पार्क प्लग. मूळचे कोण, कुठले, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक नसणंच भक्तांना जास्त आवडत होतं.

"भक्तांनो, शरीरात वायू किती?" महाराजांनी माइक हातात घेतला. "पाच. प्राण, अपान, व्यान, उदान, समान. कंपनीवाला तुमच्या गाडीला किती देतो? एक. तोही कागदातून गाळून. नाकाला कागद बांधून एक रात्र झोपून दाखवा बरं. राहिलेले चार वायू मी सोडतो."

अपान वायू सोडणं म्हणजे काय, हे चौथीतल्या पोरालाही कळतं. पण भक्ती एकदा चढली की नाकही काम करत नाही. लोकांनी जयजयकार केला.

मग चमत्कार झाला. तो दर रविवारी बरोबर साडेपाचला व्हायचा. रस्त्याच्या खालच्या टोकाला महाराजांची लाल टर्बो गाडी उभी होती, तिच्यात हवा गाळणारा कंपनीचा कागदी फिल्टर. कुणाला शंका नको म्हणून गर्दीतले चार साक्षीदार गाडीत बसवले गेले. साक्षीदार निवडताना महाराजांची नजर नेहमी खात्यापित्या घरच्या माणसांवरच पडायची. आज त्यांत मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, आडते रेवणप्पा होते, आणि त्यांच्यासाठी पुढची सीट पार मागे सरकवावी लागली. पाहुण्यांना उकडू नये म्हणून एसी लावला. शिष्याने गाडी मंचाच्या दिशेने पिटाळली. भोंग्यातून सेकंद ऐकू येत होते. शंभराचा वेग गाठायला गाडीने पंधरा सेकंद घेतले.

"बघा, दमेकरी झालीय बिचारी," महाराज कळवळून म्हणाले.

मंचासमोर बॉनेट उघडलं. कागदी फिल्टर मेलेल्या उंदरासारखा दोन बोटांत धरून फेकून दिला. लाल फडक्यातून तेलाने माखलेला सिद्ध फिल्टर निघाला, शंख वाजला, चाकांखाली लिंबं आली. साक्षीदारांना उतरवण्यात आलं, कारण नवा प्राण खेळतो तेव्हा परका जीव आत चालत नाही. एसी बंद केला, कारण कृत्रिम वायू सिद्ध वायूला बाधतो. गाडीचं तोंड फिरवून वायव्येला केलं, कारण वायव्य ही वायुदेवाची दिशा. शिष्य एकटा आत बसला, आणि गाडी अशी गर्जत सुटली की बायांनी कानांवर हात घेतले. साडेनऊ सेकंद.

नारळ फुटले. रेवणप्पांनी तर हात जोडून डोळेच मिटले.

मंचापासून जरा अंतरावर शिवकन्या उभी होती. ती आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग अकरा वर्षं शिकवत होती. त्या अकरा वर्षांत तिच्या हाताखालून गेलेल्या पोरांपैकी चारजण आज रांगेत नारळ घेऊन उभे दिसले, तेव्हा तिला आपल्या पगाराचीच लाज वाटली.

शेजारी गफूर मिस्त्री होता. बसस्टँडमागे त्याचं जुनं गॅरेज. तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, तुमीच बोला. म्या बोललो तर म्हणतील, मिस्त्रीचा धंदा बसायलाय म्हणून जळायलाय. अजून काय काय म्हणतील ते तुमाला सांगायची गरज न्हाई."

शिवकन्येला कुणाचा तमाशा मोडायची हौस नव्हती. तिला गुरुवारची धास्ती होती. तिचा धाकटा भाऊ श्रीशैल याने हौसेने टर्बो गाडी घेतली होती. फिल्टर बदलायची वेळ आली तेव्हा गफूरने त्याला गाडीच्या पुस्तकातला नंबर काढून दिला आणि तोच कागदी फिल्टर बसव म्हणून सांगितलं. "टर्बो गाडीला कागद?" असं हसून श्रीशैल इथे आला. महाराजांनी फिल्टर बसवला आणि दर सोमवारी त्यावर चिमूटभर विभूती टाकायला सांगितलं. लिंगायतांचं घर, विभूती देवळीत कायमची. नव्या तिजोरीपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याला तिची बोटं ओढायची रीतच होती, त्यामुळे विभूतीने गाडीचं काही वाईट होईल हे कुणाच्या मनातही आलं नाही. श्रीशैलने सलग नऊ सोमवार पाळले. दहाव्या आठवड्यात ट्रकला ओलांडताना गाडी मध्येच बसली. पाय खाली दाबलेला, गाडी पुढे जाईना, आणि समोरून एसटी. शेजारच्या सीटवर त्याची बायको मंजुश्री होती, आठव्या महिन्यातली. एसटीवाल्याने रस्ता सोडून मातीत चाकं घातली म्हणून दोघं घरी आली.

आता गुरुवारी त्याच गाडीतून मंजुश्रीला बाळंतपणासाठी देगलूरला माहेरी सोडायचं होतं. शिवकन्येने फिल्टर काढायला सांगितला, तर श्रीशैल म्हणाला, "अक्का, एखादा सोमवार वेळ चुकली आसंल माझी. महाराज म्हणालेत, वर्षाच्या आत फिल्टर काढला तर घरात येणाऱ्या जिवाला धोका. तू जबाबदारी घेतीस का?" दुसरी गाडी सांगू म्हटलं, तर घरची लक्ष्मी पहिल्या खेपेला भाड्याच्या गाडीत पाठवू का, म्हणून रुसला. आज तो फिल्टर पुन्हा सिद्ध करून घ्यायला बायकोसकट आला होता. मंजुश्री रांगेतल्या गाडीत वारा घालत बसली होती.

पोटातल्या लेकराचं नाव घेऊन लोखंडाची जाळी विकणाऱ्या त्या माणसाकडे पाहून शिवकन्येच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण ती चिडून ओरडली नाही. ती सरळ मंचापाशी गेली.

"महाराज, एक लिंबू मिळंल का?"

महाराज प्रसन्न झाले. "घे बेटी. कुणाची दृष्ट काढायची?"

"रस्त्याची," ती म्हणाली.

एक गोल कागदी लिंबू निवडून तिने मंचासमोर रस्त्याच्या मधोमध ठेवलं आणि हात काढून घेतला. लिंबू क्षणभर डुगडुगलं. मग हळूहळू घरंगळत निघालं, वेग धरत गेलं आणि वायव्येच्या बाजूला तीस-चाळीस फुटांवर जाऊन गटारीत पडलं. लोक माना वळवून पाहत राहिले.

"लिंबू लई सिद्ध हाय तुमचं," शिवकन्या म्हणाली. "फिल्टर न लावताच वायव्येला पळालं."

कुणीतरी फिसकन हसलं. ती रेवणप्पांकडे वळली. "काका, राग मानू नका. वजन किती तुमचं?"

"एकशे अठरा."

"बाकीचे तिघं धरून चौघांचं साडेतीन-चार क्विंटल होतंय. पहिल्या खेपेला गाडी एवढं ओझं घेऊन, एसी लावून, चढ चढली. दुसऱ्या खेपेला मोकळी, उतारावरून गेली. मोंढ्यात तुम्ही चार क्विंटलचा फरक सोडता का?"

रेवणप्पांचे डोळे आता पुरते उघडले. देवाच्या कामात ते भोळे असतील, वजनाच्या कामात नव्हते. "किलोचा बी सोडत न्हाई," ते म्हणाले. "महाराज, असं करा. तोच सिद्ध फिल्टर राहू द्या. आमी चौघं बसतो, एसी लावा, अन् खालून वर आणा."

"सिद्धी परीक्षा देत नसते, रेवणप्पा."

"आत्ताच दिली की. अजून एकदा द्यायला काय झालं?"

आता गर्दीलाही मजा वाटू लागली होती. शिष्याला नाइलाजाने गाडी खाली न्यावी लागली. गाडी वर आली ती बोंबलत आली, पण बोंबलण्याने काही चढ कमी होत नाही. भोंग्याने सांगितलं, सव्वापंधरा सेकंद. सिद्ध वायूने पाव सेकंद उलट खाल्ला होता.

शिवकन्येने लाल गाडीतला फिल्टर काढून मावळत्या सूर्यासमोर धरला. जाळीतून ऊन सरळ पलीकडे येत होतं. "कंपनीच्या कागदात इंजिनचा आवाज दबतो. ह्यात दाबायला काहीच न्हाई, म्हणून गर्जना ऐकू येती. जो मोठ्याने ओरडतो तो जास्त कामाचा, असं आपल्याला वाटतं. म्हणून तर हे मंचावर अन् आपण खाली. ह्या चाळणीतून पाच वायू जात असतील, पण संगं आपली काळी माती बी जाती, अन् इंजिनला आतून घासून काढती."

महाराजांचा चेहरा उतरला, पण अशा माणसांच्या पोतडीत तळाशी एक जिन्नस कायम असतो. त्यांनी माइक तोंडाजवळ घेतला आणि श्रीशैलकडे बोट केलं. "हसा. ज्यांनी मुदतीआधी फिल्टर काढला त्यांच्या घरी काय झालं ते मी सांगत नाही. तुझ्या घरी तर जीव यायचाय ना?"

हशा जागच्या जागी थांबला. हातातले नारळ पुन्हा घट्ट धरले गेले. श्रीशैलचा चेहरा पांढराफटक पडला.

"अक्का, बास कर," तो म्हणाला. "सेकंदाचं गणित कळलं मला. पण लेकराला काय झालं तर? तिथं तुझं गणित काय कामाचं?"

शिवकन्येने हातातला फिल्टर खाली केला. चढ दाखवता येतो, वजन दाखवता येतं, पण जे घडलंच नाही ते घडणार नाही हे कसं दाखवायचं? तेवढ्यात रांगेतल्या गाडीचं दार उघडलं आणि मंजुश्री दाराला धरून खाली उतरली.

"पोट माझं हाय," ती नवऱ्याला म्हणाली. "मी काढते. अक्का, कुठल्या क्लिपा ते दाखवा."

"मंजू, तू बस," श्रीशैल पुढे झाला.

"त्या दिवशी बसलेच होते की."

श्रीशैल बाजूला झाला. पोट आड येत होतं, म्हणून ती तिरकी उभी राहिली आणि डब्याच्या चार क्लिपा तिने एकेक करून उघडल्या. तिसरीला नख तुटलं. फिल्टर बाहेर आला. शिवकन्येने आपला पांढरा रुमाल फिल्टरच्या पलीकडच्या नळीत घातला, आत फिरवला आणि ओढून श्रीशैलच्या हातात दिला. रुमालावर करडा, तेलकट चिखल होता. त्याने तो बोटांत चोळला. असली राख त्याने लहानपणापासून रोज कपाळाला लावली होती.

"विभूती," तो म्हणाला.

"हाव. नळीत एक बारीक तार असती, किती हवा आली ते मोजती. तिच्यावर हे तेल अन् राख बसली की ती खोटं सांगती. हवा कमी आली म्हणती, मग इंजिनला पेट्रोल कमी मिळतं, अन् नेमका जोर लागतो तवा गाडी बसती. एसटीपुढं गाडी बसली ती सोमवार चुकला म्हणून न्हाई, शैलू. सोमवार पाळले म्हणून. विभूती मी बी लावते. कपाळाला लावते."

श्रीशैलने रुमाल मुठीत आवळला. मग भरल्या गर्दीत तो बायकोपुढे उभा राहून लहान मुलासारखा रडला.

सगळे इकडे गुंतलेले पाहून महाराज आणि शिष्य लाल गाडीत बसले आणि वायव्येच्या दिशेने निघाले. पण पुढे रेवणप्पा रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे होते, आणि त्यांना ओलांडून जाणं कुठल्याच फिल्टरला जमण्यासारखं नव्हतं. पोलीस आले. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार लिहून दिली ती शिवकन्येने. खाली सह्या मात्र पंचवीसच झाल्या. बाकीचे भक्त आपण इथे नव्हतोच असा चेहरा करून बॉनेट लावून निघून गेले. फसलेल्या माणसाला फसवणाऱ्यापेक्षा शेजाऱ्याच्या हसण्याची भीती जास्त वाटते, आणि अशा बुवांची पोटं त्या भीतीवरच भरतात.

सोमवारी गफूरने तार साफ करून पुस्तकातल्या नंबराचा कागदी फिल्टर बसवला. गुरुवारी गाडी देगलूरला नीट पोहोचली, आणि तीन आठवड्यांनी तिथे मंजुश्रीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. शिवकन्या भेटायला गेली तेव्हा तिने विचारलं, "त्या दिवशी भीती न्हाई वाटली?"

"वाटली की," मंजुश्री म्हणाली. "पण एसटीची जास्त वाटली होती."

फिल्टर निवडणं ही साधी गोष्ट आहे. गाडीच्या पुस्तकातला नंबर जुळवा, कडेचं रबर नीट बसतं का पाहा, आणि किती जोर वाढतो हे विचारण्याआधी धूळ किती अडते ते विचारा. विकणारा वेगाचे आकडे सांगू लागला तर रस्ता कुठे उतरतो आणि गाडीत कोण बसलंय ते बघा. आणि भीती वाटली तर लाजू नका. फक्त ती तपासून घ्या. मंजुश्रीपुढे दोन भीती होत्या. एक दिवे लावून समोरून येताना तिने डोळ्यांनी पाहिली होती, आणि दुसरी एका माणसाने आपला माल खपवायला तोंडाने बनवली होती. तिने खरी कोणती ते ओळखलं, म्हणून आज तिच्या मांडीवर लेक आहे.