चार दांड्यांचा गुडघा

दोन दांडे एका रेषेत आले की सांधा अडतो. मग वरून कितीही रेटा, तो मिटत नाही आणि उघडतही नाही. यंत्रवाले त्या जागेला मृतबिंदू म्हणतात.

पितरांच्या नैवेद्यात माशाचं तोंड पूर्वेला, शेपूट पश्चिमेला.

भावाचा गेल्या वर्षीचा निरोप: ‘यंदाही काकांनाच पुढे उभं करा. मी येत नाही.’

मोकळा झुलणारा पाय म्हणजे लंबक. त्याचा स्वतःचा ठेका असतो. तो माणसाच्या चालीशी जुळला नाही तर माणूस लंगडतो.

स्वयंपाकघराच्या दारातून एवढंच दिसतं: वाकलेल्या पाठींची रांग, बाजूनं.

प्यो ह्येरान कोरियातल्या तेजॉन शहरात एका संस्थेत कृत्रिम गुडघे बनवायची. चार दांडे, चार सांधे, एक स्प्रिंग आणि थरथर गिळणारी तेलाची नळी. शेकडो अनोळखी माणसं तिच्या गुडघ्यांवर चालत होती. हा एक मात्र तिच्या थोरल्या भावाचा होता.

वखारीत ओंडक्यांचा ढीग सरकला आणि ग्युसिकचा उजवा पाय मांडीपासून गेला. रुग्णालयातून मिळालेला गुडघा चालायला बरा होता, पण पुरता मिटत नसे. छुसकच्या, सुगीच्या सणाच्या सकाळी पितरांसमोर कपाळ टेकायचं तर दोन्ही गुडघे मिटून टाचांवर बसावं लागतं. थोरल्या मुलानं सर्वांत पुढे.

“मग खुर्चीवर बसून मान लवव,” काका म्हणाले होते.

“बापासमोर खुर्चीत?” ग्युसिक उसळला. “तो काय बँकेचा साहेब आहे, मी कर्ज मागायला आलोय?”

आणि तो यायचाच बंद झाला. वडिलांचं ताट मांडलं जाई, पुढची जागा पुतण्याच्या नावानं काका सांभाळत, आणि आई त्या दिवशी कुणाशी बोलत नसे.

ह्येराननं गुडघा करायला घेतला तो त्या जागेसाठी. पडद्यावर तिनं माणूस उभा केला: धड, मांडी, नडगी, चार दांडे. तो वाकताना आणि उठताना भार कुठून कुठे सरकतो ते मांडायला तिला एक वंदन हवं होतं. ते तिला डोळे मिटूनही दिसत होतं. प्यो घराण्यात बायकांनी ताटं भरायची, वंदन पुरुषांनी करायचं. तिनं ते स्वतः कधी केलं नव्हतं, पण लहानपणापासून दारातून पाहिलं होतं. बाबांचं. उठताना डावा गुडघा वर, पाऊल टेकलं, मग उजवा.

म्हणजे पूर्ण मिटलेल्या उजव्या पायावर भार कधी येणारच नव्हता. तिथं दांडे मृतबिंदूला जवळजवळ टेकले तरी चालणार होतं. त्या एका सवलतीवर तिला एवढा खोल वाक मिळाला.

चाचणीच्या वेळी व्यायाम शिकवणाऱ्या मोबाई शेजारी उभ्या होत्या. “उठताना चांगला पाय आधी हं, भाऊ.” ग्युसिक निमूटपणे डाव्या पायावर उठला, पुन्हा पुन्हा उठला, आणि पडद्यावरची रेघ सरळ राहिली.

“इंजिनिअरबाई,” तो म्हणाला, “मी येतोय म्हणून आईला सांग. तांदळाचे सोंगप्योन जास्त कर म्हणावं.”

आणि तो आला. मद्याचा पेला धुपाच्या धुरावरून फिरवला, ठेवला, मागे सरला. डाव्या हाताखाली उजवा हात घेऊन खाली बसला, टाचांवर टेकला, कपाळ जमिनीला लावलं. मागे काका, चुलत भाऊ, सगळी रांग खाली गेली. दारात ह्येरानच्या हातातली पळी तशीच राहिली. शेजारी आईनं पदरबिदर काही नाही, एप्रनच डोळ्यांना लावलं.

मग ग्युसिकनं उजवा गुडघा उचलला.

पाऊल टेकलं. भार आला. बारीकसा ‘टक’ झाला आणि तो तिथंच थांबला, अर्धा वर, अर्धा खाली.

थोरला उठल्याशिवाय मागच्यांनी उठायचं नसतं. त्यांची कपाळं जमिनीवरच होती.

पाय थरथरू लागला. ह्येरानला कारण ठाऊक होतं. तेलाची नळी थरथर गिळते ती दांडे हलले तर. अडलेल्या सांध्यात ती नुसती प्रेक्षक. खाली पावलाची लवचीक पट्टी होती, वर भावाचं वजन, मध्ये अडवणारं काही नव्हतं. थरथर लाकडी जमिनीत उतरली, तिथून चौरंगाच्या पायांत, आणि बाबांच्या पितळी वाट्या एकमेकींना लागून किणकिणू लागल्या.

“ग्युसिक, झालं ना रे?” काका जमिनीकडे बघतच म्हणाले. “रक्त डोक्यात उतरलंय माझं.”

ह्येरान निघाली.

“अगं, तू कुठं?” आईनं बाही धरली. ती सोडवून ह्येरान पुरुषांच्या रांगेपुढे गेली आणि भावाशेजारी गुडघ्यांवर बसली.

“भार डाव्यावर टाक, दादा.”

“काय झालंय?”

“दांडे रेषेत आलेत. उजवा का उचललास?”

“उजवाच आधी उचलतात. इथं माझी सवय बोलते, मोबाई नाही. सगळे तसंच उठतात.”

“बाबा डावा उचलायचे.”

“कोण म्हणतं?”

“मी बघायचे ना. तुम्ही सगळे जमिनीला कपाळं लावून असायचात.”

 ग्युसिकनं दात आवळून भार डावीकडे लोटला. तिनं कापडावरूनच मागचा दांडा चाचपला, तळव्यानं ढकलला. सांधा सुटला. वाट्या निवल्या. तिनं काखेत हात घालून त्याला उभं केलं, तेव्हा रांग कण्हत कण्हत उठली आणि काकांनी तिला पाहिलं.

“हे काय? पोरगी इथं? आणि एप्रनवर?”

“काका, अजून एक वंदन बाकी आहे,” ग्युसिक म्हणाला.

“तेच म्हणतो. तिला आत जाऊ दे, मग कर.”

“ती इथंच थांबेल.” मग हलक्या आवाजात तिला म्हणाला, “पुन्हा अडला तर?”

“उजवा आधी उचललास तर अडेलच. चूक माझी आहे, संस्थेत जाऊन दुरुस्त करीन. आज मात्र बाबांसारखा ऊठ.”

काकांनी दाराकडे बघितलं. दारात आई उभी होती. ती काकांकडे बघतच राहिली, आणि काकांनी नजर खाली घेतली, हात जुळवले.

ग्युसिक खाली गेला. त्याच्या मागे रांग गेली. ह्येरानलाही कपाळ टेकवायचं होतं, पण ती ताठ बसून राहिली. कुणीतरी गुडघ्याकडे बघायला हवं होतं.

बराच वेळ तो तसाच होता, श्वासानं पाठ हलत होती. मग कपाळ उचललं. उजव्या मांडीला एक हिसका बसला, जुन्या सवयीचा. तो त्यानं आवरला. डावा गुडघा वर आला, पाऊल टेकलं, आणि सारं शरीर त्यावर चढलं. मागे उजवा पाय स्प्रिंगच्या जोरावर, निर्भार, हळूच उलगडला.

ते फक्त तिघांनी पाहिलं असं आई नंतर म्हणाली. तिसरं कोण ते तिनं सांगितलं नाही.

ह्येरानच्या जन्माआधी, ग्युसिक रांगत होता तेव्हा, थेबेकच्या कोळशाच्या खाणीत दगड पडून बाबांच्या उजव्या गुडघ्याची वाटी फुटली होती.