प्रार्थनाघरातला चालू राहिलेला माईक

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. माझ्या डोक्यावरची जाळी एका बाजूने चेपली आहे, मानेचा स्क्रू ढिला झाला आहे, आणि प्रार्थनाघराच्या कपाटात खालच्या कप्प्यात मी पडून आहे. वय झालं म्हणून मला इथे ठेवलं, असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. माझा आवाज अजून खणखणीत आहे. लोकांना माझ्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मला इथे ठेवलं. का बघवत नव्हतं, ते आज सांगतो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. लांब टेबलाशी बसलेल्या एका ताईने चष्मा नाकावर ओढून माझ्या पोटात केसाएवढी तार बसवली, वर जाळी लावली आणि तोंड माझ्याजवळ आणून विचारलं, "ऐकू येतंय का?" पलीकडच्या खोलीतून कुणीतरी ओरडलं, "येतंय, येतंय! कानठळ्या बसल्या!" मला मिळालेली ती पहिली शाबासकी. आपलं काम सोपं आहे, हे मला तेव्हाच कळलं. कानावर पडेल ते मोठं करायचं. त्यातलं बरं-वाईट निवडणं आपल्याकडे नाही.

तिथून मी थेट या प्रार्थनाघरात आलो. ते एका अरुंद गल्लीच्या टोकाला आहे. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला सूतगिरणीचं फाटक आणि मधे दाटीवाटीने घरं, दुकानं. आमच्या छपरावर कर्णा बसवलेला होता. मी आत बोललो, की आवाज त्या कर्ण्यातून थेट गिरणीच्या फाटकापर्यंत जायचा.

प्रार्थना सांगणारे आजोबा थकले होते. त्यांचा आवाज पहिल्या रांगेपलीकडे पोचत नसे. मी आलो आणि मागच्या भिंतीला टेकून बसलेल्यांनाही त्यांचा शब्दन् शब्द ऐकू येऊ लागला. आजोबा मला 'माझा तरुण घसा' म्हणायचे. राखणदारकाका रोज सकाळी मऊ फडक्याने मला पुसायचे. खोटं कशाला बोलू, मी तेव्हा चांगलाच फुशारलो होतो.

माणसं देवाच्या दारात का येतात, याचा थोडाफार अंदाज मला तिथे उभ्याउभ्याच आला. कुणाला मूल झालं, कुणाला नोकरी लागली, की ती मंडळी नवे कपडे घालून पुढच्या रांगेत बसायची. ज्यांच्या घरात दुखणं असायचं, ती मागे खांबाचा आडोसा शोधायची. गिरणीत माणसं कमी करणार अशी आवई उठली, की सतरंजी अपुरी पडायची. आवई खोटी ठरली, की निम्मी सतरंजी रिकामी. काका पुटपुटायचे, "गरज सरो नि वैद्य मरो!" आजोबा हसायचे. म्हणायचे, "अरे, तहान लागली की माणूस पाण्याकडे जातो. पाणी कधी रुसतं का?"

शिवणमावशी मात्र तहान असो वा नसो, न चुकता यायची. ती गल्लीभरचे कपडे शिवायची. तिचा एकुलता एक मुलगा गिरणीत यंत्रं दुरुस्त करायचा. त्याचं नाव घेतल्याशिवाय तिची एकही प्रार्थना पुरी होत नसे.

उलट पाववालेदादा कधीच आत आले नव्हते. त्यांचं दुकान शेजारीच होतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "माझी भट्टी हाच माझा देव. रोज पोटाला देते आणि वर प्रवचन ऐकवत नाही." बायको गेल्यावर त्यांनी मुलीला एकट्याने वाढवलं. तिला सगळे चिमणी म्हणायचे. तीही मोठी होऊन गिरणीत लागली. सुट्टीच्या दिवशी ती मावशीकडे शिवण शिकायला जायची.

एका दुपारी आधी घरघर ऐकू आली, मग जमीन हादरली. काका धावत आत आले. त्यांनी माझं बटण दाबलं आणि ओरडले, "गिरणीच्या जुन्या शेडचं छप्पर पडलंय! ज्यांच्याकडे पहारी असतील, फावडी असतील, त्यांनी घेऊन या! पळा!" एवढं बोलून त्यांनी कोपऱ्यातली पहार उचलली आणि ते स्वतःही पळाले. त्या घाईत माझं बटण चालूच राहिलं.

थोड्या वेळाने पाववालेदादा आत आले. गिरणीच्या फाटकावर त्यांना मागे लोटलं होतं. हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले. इथे कुठे बसतात, काय म्हणतात, त्यांना काही ठाऊक नव्हतं. ते सरळ माझ्यासमोर येऊन गुडघ्यांवर कोसळले.

"मला तुझं काही येत नाही," ते म्हणाले. "पण माझी चिमणी सोड. आत इतकी माणसं आहेत. दुसऱ्या कुणालाही ने. कुणालाही ने, पण माझी सोड."

हेच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

मित्रांनो, मी काय केलं? जन्मभर करत आलो तेच. मी ते मोठं केलं. तो आवाज गल्लीत गेला, घराघरांत शिरला, आणि फाटकापाशी जीव मुठीत धरून उभ्या असलेल्या आयाबायांच्या कानांवर जाऊन आदळला. त्यांतल्या प्रत्येकीचं कुणीतरी आत होतं. मी खरखर करून पाहिली. शिट्टी मारून पाहिली. दादांचं लक्ष गेलं नाही. मला गप्प बसता येत नव्हतं आणि त्यांना थांबता येत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत सगळं समजलं. चिमणीच्या खांद्याचं हाड मोडलं होतं, पण ती वाचली. बरेच जण जखमी झाले. जिवानिशी गेला तो एकच. मावशीचा मुलगा.

दादांच्या तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण त्यांच्या दुकानासमोरची रांग आटली. शेजारची माणसंसुद्धा लांब चौकातून पाव आणू लागली. आणि मुलांनी तर त्याचा खेळ केला. पकडापकडी खेळताना ज्याच्यावर राज्य असेल तो जवळ आला, की बाकीची ओरडायची, "मला सोड, दुसऱ्या कुणालाही ने!" आणि खिदळत पळायची. ते कानावर आलं, की माझी जाळी थरथरायची. त्यांना मी काय बोलणार? ते शब्द त्यांच्यापर्यंत मीच पोचवले होते.

काकांची गतही माझ्यासारखीच झाली. माझ्यासमोरून जाताना ते मान वळवू लागले. पुसणं थांबलं. माझ्या जाळीत धूळ साचली आणि ते मला योग्यच वाटलं.

पण दादा रोज येऊ लागले. भट्टी विझवली, की येऊन खांबाआड बसायचे. लोक कुजबुजायचे, "देव पावल्यावर बरी आठवण झाली!" त्यांना काय माहीत? दादा आभार मानायला येत नव्हते. ते हातही जोडत नसत. एकदा त्यांनी काकांना विचारलं, "लोक म्हणतात देवाने माझं ऐकलं. मग त्या पोराला मीच मारलं की! आणि ऐकलं नाही म्हणावं, तर माझी पोर वाचली कशी? काका, यातलं खरं काय ते मला कुणीतरी सांगा."

काका मान वळवून सतरंजी झटकू लागले. त्यांच्या स्वतःच्याच बोटाला ते बटण चिकटून राहिलं होतं. आजोबांनी समजावलं, "बाबा, देव म्हणजे तराजू नव्हे, एक उचलून दुसरा ठेवायला." दादांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन तिथेच बसले.

मावशी मात्र यायची थांबली. सतरंजीवरची तिची जागा कुणी घेत नसे. "देवावर रुसली बिचारी," असं सगळे म्हणायचे.

मग एक दिवस चिमणी आली. हात गळ्यात बांधलेला.

"बाबा, घरी चला."

"तू हो पुढे."

"रोज हेच म्हणता. मी दाराबाहेर पाऊल टाकलं की पोरं तुमचं बोलणं ओरडतात. मावशीच्या दारावरून जायची माझी छाती होत नाही. घरी यावं तर तुम्ही माझ्याकडे बघत नाही." तिचा आवाज चिरकला. "खरं सांगा, मी वाचले त्याचं तुम्हाला वाईट वाटतं का?"

"असं बोलू नकोस गं!" दादांनी तोंड ओंजळीत लपवलं.

"मग घरी चला."

त्यांना उठता आलं नाही. ती एकटीच डोळे पुसत गेली. काका बाहेर माठ भरत होते. त्यांनी सगळं ऐकलं. मग काय झालं कोण जाणे, माठ तसाच सोडून ते थेट मावशीच्या घरी गेले. चिमणीचं सांगितलं, दादांचं सांगितलं, आणि आजवर कुणापाशी कबूल न केलेलंही कबूल केलं, की बटण आपल्याच घाईत चालू राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मावशी आली. दारातूनच काकांना म्हणाली, "आधी त्या माईकची वायर काढ."

काकांनी नुसतं बटण बंद केलं नाही, वायर उपसून काढली. मावशी खांबाजवळ जाऊन दादांसमोर बसली. ते धडपडत तिच्या पायांकडे वाकले.

"गप बस," ती म्हणाली. "मी कोण मोठी साध्वी लागून गेले! ऐक. त्या दिवशी मी फाटकापाशी होते. तुझा आवाज ऐकला आणि तुला शिव्यांची लाखोली वाहिली. तेवढ्यात पहिलं स्ट्रेचर बाहेर आलं. अंगावर चादर, तोंडावर ओलं फडकं. पाय तेवढे उघडे. चपला चिमणीच्या होत्या. तुटलेला पट्टा मीच शिवून दिला होता, लांबूनही ओळखला."

दादांनी मान वर केली.

"मला वाटलं, पोर गेली. आणि बाबा रे, मी तिथेच हात जोडले. म्हटलं, देवा, तुझे उपकार. एकाला न्यायचं होतं, नेलंस. आता माझा सुटला." मावशीने पदराने तोंड पुसलं. "माझ्याच घरात बसून सुईत दोरा ओवायला शिकलेली पोर. तिच्यासाठी टिपूस आलं नाही डोळ्यांत. आनंद झाला रे मला."

पदर सोडून मावशीच पुढे बोलू लागली.

"तुझं सगळ्या गल्लीने ऐकलं, माझं कुणी ऐकलं नाही. लोक माझ्या दारात जेवणाचे डबे ठेवतात आणि तुझ्या दुकानाकडे पाठ फिरवतात. मी देवावर रुसले नव्हते. कुठल्या तोंडाने यावं, हेच कळत नव्हतं."

"पण ताई, देवाने माझं ऐकलं..."

"देवाने कुणाचं ऐकलं, मला ठाऊक नाही. छप्पर गंजलेलं होतं. माझा लेक कामावरून आला की रोज तेच बडबडायचा. ते ऐकायचं काम देवाचं नव्हतं, गिरणीच्या साहेबांचं होतं. आता उठ. पोरगी घरी एकटी आहे."

दादा उठले. मी पाहिलं.

हे गुपित मी फोडतोय, असं समजू नका. पुन्हा तो गुन्हा माझ्या हातून व्हायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, गल्ली जागी असताना, मावशीने स्वतः पावाच्या दुकानासमोर उभं राहून हे सगळं सांगितलं. माईक नसताना. काहींनी मान खाली घातली. काहींनी नाक मुरडलं आणि तिच्या दारातले डबेही कमी झाले. पण चिमणी दुकानातून बाहेर आली आणि एका हाताने तिला घट्ट मिठी मारली. आता ती पुन्हा मावशीकडे शिवायला जाते. दुकानाची रांग हळूहळू भरली. मुलांचा तो खेळही कधीतरी आपोआप बंद पडला.

माझ्या जागी नवा माईक आला. काकांनी मला फडक्यात गुंडाळून इथे ठेवलं. कपाटाचं दार नीट लागत नाही, त्या फटीतून मला सतरंजी दिसते. मावशी पुन्हा येते. दादाही कधीमधी येतात आणि तिच्या शेजारी बसतात. ते काय मागतात, की काहीच मागत नाहीत, मला ऐकू येत नाही. येऊही नये.

मित्रांनो, माझी काळजी घ्या, मला पुसा, असं मी म्हणणार नाही. मागणं आहे ते वेगळंच. जीव टांगणीला लागला, की माणूस देवासमोर असं काही बोलून जातो, जे तो एरवी स्वतःशीसुद्धा बोलणार नाही. आनंदाच्या भरात हात जोडतानाही कधीकधी तसंच होतं. असं कुणाचं बोलणं चुकून तुमच्या कानावर पडलं, तर त्याचा खेळ करू नका. त्यावरून माणूस मोजू नका. ते जपून ठेवा. मला तोंड बंद करता येत नव्हतं. तुम्हाला येतं.